कोर्टाचं डिक्टेशन

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये डिक्टेशनसाठी एकच पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकातल्या जगात दोनच गोष्टी घडायच्या. कापसाचे गठ्ठे वेळेवर पोचायचे नाहीत, नाहीतर तागाची पोती भिजून पोचायची. मग एक साहेब दुसऱ्या साहेबाला अतिशय नम्रपणे इंग्रजीत पत्र लिहायचा. मास्तर खिडकीशी उभे राहून, हातात घड्याळ धरून ती पत्रं वाचायचे आणि आम्ही शॉर्टहँडच्या वह्यांवर पेन्सिली पळवायचो. बंगळुरात, बळेपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर आमचा वर्ग होता. खाली पितळ ठोकत असायचे, त्या ठोक्यांवरून मास्तरांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा.

वर्षभरात मला ती पत्रं इतकी पाठ झाली की मास्तरांनी "आपले पत्र मिळाले" म्हणायच्या आत माझी पेन्सिल गोदामापर्यंत पोचलेली असायची. मास्तर खूश व्हायचे. मी मात्र मनातून धास्तावले होते. याला स्पीड म्हणत नाहीत, हे पाठांतर आहे, एवढं मला कळत होतं. अनोळखी माणूस अनोळखी विषयावर बोलायला लागला की माझी पेन्सिल मागे पडायची.

तेव्हा नुकतीच राज्यं जोडली गेली होती आणि आमचं म्हैसूर राज्य एकदम मोठं झालं होतं. बंगळुरात नव्या कचेऱ्या निघत होत्या, कोर्टं वाढत होती, आणि कोर्टांना शॉर्टहँड येणारी माणसं हवी होती. त्यासाठी वेगळी परीक्षा होती. तिच्यात कापूस नव्हता, ताग नव्हता. निकालपत्रातला उतारा असायचा, साक्षीतला असायचा, वकिलाच्या भाषणातला असायचा. जाहिरातीत कुठेही फक्त पुरुषांनी अर्ज करावा असं लिहिलेलं नव्हतं. मी ती दोनदा वाचली आणि मग माझ्या मैत्रिणीला वाचायला दिली.

मैत्रीण कँटोन्मेंटच्या बाजूची, तमिळ घरातली. वर्गात आम्ही दोघीच मुली. आम्ही एकमेकींशी कन्नड बोलायचो. तिचं थोडं तमिळकडे झुकायचं, माझं मराठीकडे. ती हसायची कमी, पण एकदा ठरवलं की ती मागे वळून बघायची नाही. जाहिरात वाचून ती म्हणाली की अर्ज करू, पण कोर्टाचं डिक्टेशन आणायचं कुठून?

ते मास्तरांकडे होतं. एका निवृत्त कारकुनाकडून त्यांनी जुन्या निकालांतले, साक्षींतले उतारे मिळवले होते. संध्याकाळच्या मुलांच्या वर्गात त्यातून डिक्टेशन चालायचं. आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि आम्हालाही त्या वर्गात बसू द्या, नाहीतर ते उतारे आमच्या वर्गात घ्या, असं सांगितलं. मास्तर तसे सज्जन गृहस्थ. मुलींकडून फी घेताना ती हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आम्हाला समजावलं की खाजगी कंपनीत चांगली नोकरी मिळेल, कोर्टाच्या फंदात पडू नका.

मी विचारलं, का.

"त्या उताऱ्यांत काय काय असतं ते मला तुमच्यापुढे सांगतासुद्धा येत नाही," ते म्हणाले. "मुलींनी लिहायच्या गोष्टी नाहीत त्या."

"पण सर, त्या घडलेल्या गोष्टी आहेत. कुणीतरी लिहिल्याच असतील."

"पुरुषांनी लिहिल्या."

आता मैत्रीण पुढे सरकली. ती म्हणाली, "घडल्या कुणावर, ते आहे का त्यात?"

मास्तरांनी चष्मा परत चढवला आणि वर्ग सुरू केला. त्या दिवशी पोती भिजली होती.

वर्ग सुटल्यावर आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर मैत्रिणीने सांगितलं की तिने मनाशी ठरवलंय, त्या उताऱ्यांना कधी हात लावायचा नाही, दिले तरी नाही. मी म्हटलं, सरी. बंगळुरात पिढ्या गेलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत "बरं" कुणी म्हणत नाही, "सरी" म्हणतात. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत इकडे आले आणि इथलेच झाले. पुढे तंबू गेले, शिवण राहिली. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, चिकपेठेच्या एका बोळात शिवणकामाचं दुकान होतं, आणि ते वकिलांचे काळे कोट आणि झगे शिवण्यासाठी ओळखले जायचे.

आमची पहिली शाळा भरली ती नळावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथे पहाटेपासून बायका कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी आणि आमची मराठी अशा पाच भाषांत भांडायच्या. शॉर्टहँडला स्पेलिंग नसतं, आवाज असतो. जो आवाज कानावर पडेल तो रेघेत उतरवता येतो, मग तो कुठल्याही भाषेतला असो. कळशी रांगेत लावून मी पायरीवर बसायचे आणि भांडण उतरवून घ्यायचे. दोन बायका एकदम बोलत असताना कुणाचं वाक्य कुठे तुटलं ते सांभाळणं किती कठीण असतं ते मला तिथे कळलं. शिव्याही लिहिल्या. कापसाच्या पुस्तकाने त्यांच्या खुणा शिकवलेल्या नव्हत्या, मी माझ्या बनवल्या. आईला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. मुलगी रोज पाणी भरायला स्वतःहून जाते, याचं कौतुक तिने शेजारणीला सांगून झालं होतं.

पण नळावर इंग्रजी कुणी बोलत नव्हतं, आणि परीक्षा इंग्रजीत होती. मग मी दुकानाकडे वळले.

कोटाचं माप देणारा वकील दोन्ही हात पसरून उभा असतो. त्याला हलता येत नाही, कागद चाळता येत नाहीत, बोलण्यापलीकडे त्याला काही काम नसतं. अण्णा टेप घेऊन त्याच्याभोवती फिरायचे आणि तो त्यांच्या डोक्यावरून बरोबरच्या माणसाशी, नाहीतर आरशातल्या स्वतःशी बोलायचा. सकाळी कोर्टात काय म्हणालो, उद्या काय म्हणणार आहे, समोरच्याने कसा मूर्खपणा केला. दुकानात मागच्या बाजूला पडदा होता. पडद्यामागे मी काजं करायला बसायचे. काजांच्या दोऱ्यांचा डबा मांडीवर आणि डब्याखाली वही. इतकं चांगलं, झणझणीत इंग्रजी मी कुठेच ऐकलेलं नव्हतं. "माय लॉर्ड, माझ्या विद्वान मित्रांना वाटतं तसं नाही" हे वाक्य तर तुटक खुणेत कसं बसवायचं ते मी तिथेच शोधून काढलं, कारण प्रत्येक वकील ते म्हणायचाच. मैत्रीण संध्याकाळी यायची आणि मी तिला ते सगळं परत वाचून दाखवायचे, ती उतरवून घ्यायची.

हे फार दिवस चाललं नाही. एका वकिलाच्या कोटाची बाही उसवली होती, म्हणून मागे कुणी शिवून देईल का बघायला त्याने पडदा सारून आत डोकावलं. मी त्याच्याच अशिलाविषयीचं वाक्य लिहीत होते. रेघोट्या बघून त्याला ते काय आहे ते लगेच कळलं, कारण त्याच्या ऑफिसात शॉर्टहँडवाला होता. त्याने मला काही म्हटलं नाही. अण्णांना म्हणाला की माझं बोलणं इथे कोण कुणासाठी लिहून घेतंय? अण्णांनी हात जोडले. गिऱ्हाईक गेल्यावर अण्णांनी दुकानाचं दार अर्धं लावलं.

अण्णा रागावले की आवाज चढवायचे नाहीत, उलट खाली आणायचे. त्यांनी मला सांगितलं की गिऱ्हाईक इथे विश्वासाने येतं, तू पडद्यामागे वही घेऊन बसायचं नाहीस. मी म्हटलं की मग मी शिकू कुठे? मास्तर देत नाहीत, तुम्ही देत नाही. हे मी उर्मटपणे म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"वकिलांचं ऐकायचंय ना? मग चोरून कशाला ऐकतेस? कोर्ट उघडं असतं. आत जाऊन बस."

ते वैतागून म्हणाले होते. मी ते आज्ञेसारखं घेतलं. आठवडाभराने त्यांना कळलं की मी खरंच जाते, तेव्हा त्यांनी विचार करून एवढंच म्हटलं, की कोर्टात जाताना चप्पल जरा बरी घाल.

आम्ही दोघी ज्या कोर्टात जायला लागलो तिथे मागे लोकांसाठी दोन बाकं होती. त्यावर आरोपींचे नातेवाईक, साक्षीला आलेले गावकरी आणि ऊन टाळायला आलेले रिकामटेकडे बसायचे. आम्ही मागच्या बाकाच्या कडेला बसलो. वह्या काढल्या. सरकारी वकील बोलायला लागले आणि माझी पेन्सिल सुरू झाली. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की खऱ्या कोर्टात वाक्य पुरं होतच नाही. वकील मध्येच थांबतो, समोरचा हरकत घेतो, जज्जसाहेब काहीतरी पुटपुटतात आणि साक्षीदार भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. माझी पानंच्या पानं अर्धवट राहिली. मला इतका आनंद झाला होता की भूक लागल्याचं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जवान आला. आमच्याकडे कोर्टातल्या शिपायाला जवान म्हणतात. त्याने वाकून सांगितलं की लिहायचं नाही, बंद करा. मैत्रिणीने विचारलं की कुठल्या नियमाने? तो म्हणाला, बेंच क्लार्कांनी सांगितलंय. जज्जसाहेबांच्या खालच्या टेबलावर बसून कागदपत्रं सांभाळणारा हा कारकून मान वळवून आमच्याकडेच बघत होता. आम्ही वह्या पिशवीत ठेवल्या. उठलो नाही. जवान थोडा वेळ तिथेच उभा राहिला. आम्ही उठून जाऊ अशी त्याची समजूत होती. बसायला मनाई आहे का, असं मी विचारलं. त्याने क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कने मान परत फिरवली.

मग मी बोटाने लिहायला लागले. उजव्या हाताचं बोट मांडीवर, साडीच्या निऱ्यांवर. जाड रेघ, बारीक रेघ, वर टिंब, खाली टिंब. कागदावर काही उमटत नव्हतं, पण हाताला वळण पडत होतं आणि कानाला सवय होत होती. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचंही बोट चालायला लागलं. आमच्या मांडीवर बंदी घालायला कुठल्याही क्लार्ककडे अधिकार नव्हता. अशा रितीने आम्ही त्या बाकावर बसून एक खून, दोन दरोडे आणि एका विहिरीच्या वाटणीचं लांबलचक भांडण ऐकलं.

एकदा जवान परत आला. आज बायकांनी बसू नये, खटला चांगला नाही, असं साहेब म्हणतात, असं त्याने सांगितलं. साहेबांनी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिच्या नातीचाच तो खटला होता. मैत्रिणीने म्हातारीकडे बोट दाखवलं आणि ही बसणार असेल तर आम्हीही बसतो, असं जवानाला सांगितलं. म्हातारीने काही न समजता आमच्यासाठी थोडं सरकून जागा केली. आम्ही तिच्याशेजारी जाऊन बसलो.

कोर्ट सुटलं की आम्ही कब्बन पार्कात जायचो. तिथे बांबूंच्या बेटाजवळ एक दगडी ओटा होता. ऐकलेलं सगळं डोक्यात ताजं असायचं. मग एक साक्षीदार व्हायची आणि दुसरी लिहायची, नंतर उलट. वकील आणि जज्ज साक्षीदारानेच व्हायचं. मैत्रीण उलटतपासणी फार सुंदर करायची. कोरड्या चेहऱ्याने असा काही प्रश्न टाकायची की मी साक्षीदार असताना खरंच गोंधळायचे. ऐकलेले खटले संपले तेव्हा आम्ही नवे बनवायला लागलो. नळावरच्या भांडणाचा फौजदारी खटला केला. फुटलेली घागर पुरावा म्हणून दाखल झाली. माझ्या मावशीच्या कोंबड्यांचा खटला तीन संध्याकाळी चालला. घरी जाऊन मी ते सगळं नीट इंग्रजीत लिहून काढायचे, शब्द मोजून, मिनिटांच्या खुणा घालून. आमचं स्वतःचं डिक्टेशन तयार व्हायला लागलं.

चांगला नसलेला खटलाही आम्ही केला. त्या दिवशी मैत्रीण साक्षीदार झाली होती. कोर्टात त्या मुलीने जे शब्द वापरले होते ते तिने तसेच उच्चारले. माझी पेन्सिल थांबली. मला खूण येत होती, पण हात पुढे जाईना. 

"मी परत सांगते," ती म्हणाली. "तिलाही परत सांगावं लागलं होतं."

तिने परत सांगितलं, आणि मी लिहिलं. अंधार पडायला लागला होता. पार्कातून बाहेर येताना आम्ही दोघी स्वल्प लवकर लवकर चालत होतो, आणि मला कुणाचा राग येत होता ते नीटसं सांगता आलं नसतं.

इन्स्टिट्यूटमध्ये आता आमच्या वह्या बघून संध्याकाळच्या वर्गातली मुलं थांबायला लागली. मास्तरांचे उतारे जुने होते आणि तेच ते वाचून त्यांनाही पाठ झाले होते. एकाने बिचकत विचारलं की तुमच्याकडे कोर्टाचं नवं डिक्टेशन आहे म्हणतात, मिळेल का? मैत्रीण म्हणाली की मिळेल, पण आमच्याबरोबर बसून घ्यायचं, पार्कात, आणि वाचणार मी. दोघं-तिघं आले. बायकांच्या आवाजात खुनाचं डिक्टेशन घेताना त्यांचे कान लाल व्हायचे, मग हळूहळू सवय झाली.

मास्तरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आम्हाला बोलावलं. इन्स्टिट्यूटचं नाव खराब होतंय, हे थांबवा, नाहीतर नाव काढून टाकू, असं ते म्हणाले. त्यांना आमची भीती वाटत होती असं नव्हे. आमचं काही वाईट होईल आणि ते त्यांच्या माथी येईल, याची भीती होती. आज मला ते कळतं, तेव्हाही कळत होतं. म्हणून काही मी थांबणार नव्हते. परीक्षेला इन्स्टिट्यूटची चिठ्ठी लागत नाही हे आम्ही आधीच विचारून आलो होतो. मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की नाव तुम्ही काढू नका, आम्हीच काढतो. पुढच्या सोमवारी आम्ही गेलो नाही.

परीक्षेला उतारा होता एका जमिनीच्या खटल्याच्या निकालाचा. वाचणारे गृहस्थ मध्ये खोकले, एक ओळ त्यांनी गाळली आणि परत मागे येऊन वाचली. हॉलमध्ये कितीतरी जणांच्या पेन्सिली तिथे अडल्या. मला ते नळाच्या मानाने फारच सरळ वाटलं.

दोघी पास झालो. मुलाखतीत तीन अधिकारी होते. त्यातल्या एकाने अपेक्षित प्रश्न विचारला, की कोर्टात अश्लील काही निघालं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, लिहीन. त्यांनी वाट पाहिली. मला पुढे काही सांगायचं नव्हतं. शेजारचे अधिकारी हसले आणि त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी टिपलं. मला नेमणूक मिळाली. मैत्रिणीलाही मिळाली होती, पण तिच्या घरच्यांनी कोर्टाचं नाव काढताच जेवण सोडलं. आठवडाभर तिने झुंज दिली. शेवटी एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसात ती स्टेनो झाली. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त म्हणाली की मी तिथे मॅनेजरची व्याकरणाची एकही चूक ठेवणार नाही, त्याला हैराण करीन. तिने ते केलंही.

मी कोर्टात रुजू झाले तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. पहिले काही महिने मला जमिनी, भाडी, वाटण्या एवढंच मिळालं. मग एकदा नेहमीचा स्टेनो आजारी पडला आणि मला सेशन्सच्या, म्हणजे मोठ्या गुन्ह्याच्या, खटल्यावर बसवलं. आरोपी रेशमाच्या कारखान्यातला मुकादम होता. फिर्यादी त्याच कारखान्यात धागा पिळणारी, माझ्याच वयाची बाई. खटला कसला आहे ते कळताच बेंच क्लार्क जज्जसाहेबांच्या कानाशी लागला. जज्जसाहेब वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं की तुम्हाला बाहेर जायचं असेल तर जाऊ शकता, मी दुसऱ्याला बोलावतो.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. ती बाई कठडा धरून उभी होती. त्या खोलीत आम्ही दोघी सोडून सगळे पुरुष होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण मला उठवताहेत हे कळलं असावं.

"मी बसते सर," मी म्हटलं.

साक्ष कन्नडमध्ये चालली. पद्धत अशी होती की साक्षीदार सांगेल ते जज्जसाहेब इंग्रजीत करून मला सांगायचे, मी ते घ्यायचे, आणि शेवटी ते साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवून त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. तिने सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं, आणि नेमक्या शब्दांत. जज्जसाहेबांनी क्षणभर पेनकडे पाहिलं आणि मला सांगितलं: आरोपीने तिच्याशी गैरवर्तन केले.

माझा हात थांबला. मी हळू आवाजात म्हटलं की सर, ती याहून जास्त बोलली. ते म्हणाले की अर्थ आलेला आहे, पुढे घ्या. मी घेतलं. ते सांगतील ते लिहिणं हे माझं काम होतं.

वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मी टाइप करून दिलेले कागद क्लार्कने हातात घेतले. असा मजकूर तो नेहमी भरभर पुटपुटून शाईची डबी पुढे करायचा. मी उठले आणि जज्जसाहेबांना म्हटलं की परवानगी असेल तर मी वाचते, माझेच कागद आहेत. क्लार्कला हायसं वाटलं असावं, त्याने लगेच दिले. मी पिंजऱ्याजवळ गेले आणि सावकाश, एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगायला लागले. त्या वाक्यापाशी आले तेव्हा मी ते जसं लिहिलं होतं तसंच सांगितलं आणि थांबले. असं थांबावं असा नियम होता. साक्षीदाराला दुरुस्ती सांगायचा हक्क असतो, मात्र तो आहे हे कुणी त्याला सांगत नाही.

मी तिला सांगितलं की अक्का, यात काही चुकलं असेल तर तुम्ही सांगू शकता.

ती म्हणाली, "मी असं म्हटलं नाही. वाकडं वागला, असं तर माझा नवरापण वागतो. मी काय म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलंय."

आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली. स्टेनो साक्षीदाराला पढवते आहे, असं तो म्हणाला.  मला वाटलं, नोकरी गेली. पण मी पिंजऱ्यापासून हलले नाही, कारण हलले असते तर पुन्हा तिथे जायचं धैर्य मला झालं नसतं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मला जागेवर जायला सांगितलं, बाईला प्रश्न परत विचारला, आणि तिने जे सांगितलं ते या वेळी त्यांनी तसंच्या तसं इंग्रजीत केलं.  मी लिहून घेतलं. मग ते परत वाचून दाखवलं. बाईने अंगठा लावायला नकार दिला आणि पेन मागितलं. तिला सही येत होती.

मुकादमाला शिक्षा झाली. अपिलात पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कारण निकालानंतर थोड्याच दिवसांत माझी परत दिवाणी बाजूला बदली झाली. माझ्याच भल्यासाठी, असं क्लार्कने सांगितलं. मी थेट जज्जसाहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि माझ्या कामात चूक झाली का, असं विचारलं. नाही, म्हणाले. मग मला सेशन्सला ठेवा, मी म्हटलं. तुला ते ऐकणं आवडतं का, असं त्यांनी विचारलं. बापाने विचारावं तसं विचारलं. मी सांगितलं की आवडत नाही सर, पण पिंजऱ्यात बाई उभी असताना खोलीत आणखी एक तरी बाई असावी.

लगेच काही झालं नाही. मी दर महिन्याला अर्ज करत राहिले. साधा, दोन ओळींचा. अण्णा म्हणायचे की इतके अर्ज करतेस, त्यांना आता तुझं अक्षर पाठ झालं असेल. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मला सेशन्सला पाठवलं.

पहिल्या सकाळी जाऊन बघते तर माझं टेबल कोपऱ्यात, कपाटाच्या आड सरकवलेलं होतं. जवान म्हणाला की साहेबांनीच सांगितलंय, इथे तुम्हाला कुणी बघणार नाही, बरं वाटेल. मी पिशवी खाली ठेवली आणि टेबल एका बाजूने ओढायला लागले. जड होतं. जवान थोडा वेळ बघत राहिला, मग त्याने दुसरी बाजू धरली. आम्ही ते पिंजऱ्यासमोर आणून ठेवलं. तिथून साक्षीदाराचा आवाज नीट येत होता.